पेपर वाचताना: फ्रीजरमधले बारा गेंडे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर सादर केला होता. विषय होता उत्तरेकडचा पांढरा गेंडा. शेवटच्या स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्राणी उरले दोनच, पण बारा गेंड्यांची जनुकीय विविधता फ्रीजरमध्ये सुरक्षित आहे.’ खाली द्रव नायट्रोजनच्या टाकीचा वाफाळता फोटो. आता टाळ्या पडणार अशा बेतात मी उभी होते, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मॅडमनी विचारलं, "बारा म्हणजे कोण कोण गं? या पेपरात जीनोम किती जणांचे वाचलेत? आणि त्यातल्या किती जणांना उद्या पिल्लं होऊ शकतात?"

पहिल्याचं उत्तर मला अर्धवट माहीत होतं. दुसऱ्यासाठी लॅपटॉपवर पानं उलटावी लागली. नऊ. तिसरा प्रश्न तर मला तोपर्यंत पडलाच नव्हता.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता प्रवेश परीक्षा, मुलाखती, ‘एखादा पेपर वाचून त्यावर बोला’ या फेऱ्यांमधून जात आहात. म्हणून तो पेपर आज पुन्हा उघडते. पेपर वाईट नाही, हे आधीच सांगते. चांगला आहे, आणि चांगल्या पेपरवरच टीका करायला शिकता येतं. वाईट पेपरच्या चुका कुणालाही दिसतात.

आधी प्राणी कोण ते थोडक्यात. आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्याच्या दोन उपप्रजाती मानतात. (दोन्हींचा रंग राखाडीच असतो, नावावर जाऊ नका.) दक्षिणेकडची आज जगातली सर्वांत जास्त संख्येची गेंड्याची शाखा आहे. उत्तरेकडची १९६० च्या सुमारास दोन हजारांवर होती. चाड, सुदान, युगांडा, काँगो या पट्ट्यात ती राहायची. शिकार आणि यादवी युद्धं यांत ती संपत गेली. १९८४ साली काँगोच्या गरांबा राष्ट्रीय उद्यानात जेमतेम पंधरा उरली होती. तिथे संख्या पुन्हा तिसाच्या आसपास गेली, आणि २००३ नंतर तीही पुसली गेली. प्राणिसंग्रहालयांत जे होते ते मुख्यतः दोन ठिकाणी, चेक प्रजासत्ताकातलं द्वूर क्रालोव्हे आणि अमेरिकेतलं सॅन दिएगो. डिसेंबर २००९ मध्ये द्वूर क्रालोव्हेमधले चार गेंडे केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात नेले. मोकळ्या गवताळ रानात गेल्यावर तरी पिल्लं होतील, ही आशा. झाली नाहीत. १९ मार्च २०१८ ला सुदान नावाचा शेवटचा नर गेला. उरल्या त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू.

आता फ्रीजर. सॅन दिएगोमध्ये कर्ट बेनिर्श्के नावाच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवायला सुरुवात केली. त्या पेशींचं नेमकं काय करायचं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. या संग्रहाला ‘फ्रोझन झू’ म्हणतात. त्वचेचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या अशा बारा जणांच्या पेशी आहेत. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी टीका तिच्यावर उभी आहे. या त्वचेच्या पेशी आहेत. बीजांडं नाहीत, शुक्राणू नाहीत, भ्रूणही नाहीत. त्यांच्यात गेंड्याचा पूर्ण जीनोम आहे, पण त्यांच्यापासून गेंडा होत नाही. निदान अजून तरी.

मी सादर केलेला पेपर म्हणजे टन्स्टल आणि सहकाऱ्यांचा, २०१८ साली ‘जीनोम रिसर्च’मध्ये आलेला. त्यांनी या गोठवलेल्या पेशींमधून उत्तरेकडच्या नऊ आणि दक्षिणेकडच्या चार गेंड्यांचे जीनोम वाचले. उत्तरेकडच्या गेंड्याचे जीनोम पहिल्यांदाच वाचले गेले, हे त्यांचं मोठं काम. निष्कर्ष असे: उत्तरेकडच्यांत हेटरोझायगॉसिटी तुलनेने चांगली आहे. दोन उपप्रजातींच्या जीनोममध्ये सरासरी ०.१ टक्का फरक आहे. त्या वेगळ्या होऊन ८०,००० वर्षांहून कमी काळ झाला. दोघींमध्ये जनुकांची सरमिसळ फारशी नाही. आणि आंतरप्रजननाच्या खुणा दक्षिणेकडच्यांतच किंचित जास्त दिसतात. म्हणून या पेशी म्हणजे उपप्रजाती वाचवण्यासाठीचा संभाव्य जनुकसाठा आहे.

‘संभाव्य’ हा शब्द लेखकांनी वापरला होता. माझ्या स्लाइडवर तो ‘सुरक्षित’ झाला. म्हणजे पहिली चूक पेपरची नाही, माझी. पण पेपर ज्या तऱ्हेने मांडलाय, त्यातून ही चूक घडावी अशी वाट मात्र मोकळी राहते. ती कशी, ते बघू.

हेटरोझायगॉसिटी म्हणजे काय? जीनोममध्ये प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ज्या जागी या दोन प्रती वेगळ्या आहेत अशा जागांचं प्रमाण म्हणजे हेटरोझायगॉसिटी. आईवडील एकमेकांचे जवळचे नातलग असतील तर प्रती सारख्या निघतात आणि प्रमाण घटतं. मोजायला सोपं, तुलनेला सोपं, म्हणून सगळे वापरतात. मीही वापरते.

आता ‘तुलनेने चांगली’ हे वाचलं की लगेच विचारायचं, कुणाच्या तुलनेने? इथे तुलना दक्षिणेकडच्या गेंड्याशी आहे. आणि तो गेंडा कोण? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकारीमुळे अगदी मूठभर उरलेला, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझी भागात तगलेला आणि तिथून पुन्हा हजारोंनी वाढलेला. म्हणजे तो अरुंद गळ्यातून एकदा जाऊन आलाय. त्याच्याशी तुलना केली की बऱ्याच जणांचं चांगलंच दिसेल. दुष्काळी तालुक्याशी तुलना करून ‘आमच्याकडे पाऊस बरा आहे’ म्हणण्यासारखं आहे हे. खोटं नाही, पण पिकाला पुरेल का, हे त्यातून कळत नाही.

खरी तुलना हवी ती त्याच प्राण्याच्या भूतकाळाशी. आणि ती नंतर झाली, ही या विषयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. २०२१ मध्ये सांचेझ-बारेइरो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही उपप्रजातींचे मिळून ५२ जीनोम वाचले, ऱ्हासाच्या आधीचे आणि ऱ्हासादरम्यानचे किंवा नंतरचे. त्यात दिसलं की उत्तरेकडच्या गेंड्याची हेटरोझायगॉसिटी १० टक्क्यांनी घटली, दक्षिणेकडच्याची ३६ टक्क्यांनी. आंतरप्रजननाचा गुणांक अनुक्रमे ११ आणि ३९ टक्क्यांनी वाढला.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चक्रावले. जो प्राणी संपला त्याची झीज कमी, आणि जो वाचला त्याची जास्त? जरा थांबून विचार करा, मग पुढे वाचा.

उत्तर काळात आहे. उत्तरेकडचा गेंडा फार झपाट्याने संपला, जेमतेम दोन-तीन पिढ्यांत. आणि हेटरोझायगॉसिटी ही संथपणे घटणारी गोष्ट आहे. एका पिढीत ती साधारण ‘एक भागिले दोनदा संख्या’ इतकीच कमी होते. समजा फक्त आठ गेंडे उरले. तर पुढच्या पिढीत ती १/१६ ने, म्हणजे सव्वासहा टक्क्यांनी घटेल. जवळजवळ ९४ टक्के शिल्लक! हजारांवरून आठवर येणं म्हणजे सर्वनाश, आणि मोजपट्टीवर ओरखडा. एखाद्या गेंड्याची हेटरोझायगॉसिटी आपल्याला सांगते की त्याचे आईवडील ज्या कळपात होते तो कळप कसा होता. पुढे काय उरणार आहे, हे ती सांगत नाही. सुदानला १९७५ साली रानातून पिल्लू म्हणून पकडून आणलं होतं. असल्या प्राण्याच्या पेशी म्हणजे मोठा कळप शाबूत असतानाचा फोटो. फोटो जुना आहे, म्हणून चांगला आलाय.

त्याच आठ गेंड्यांकडे दुसऱ्या मोजपट्टीने बघा. कळपात १०० पैकी ५ प्रतींवर एखादं दुर्मीळ जनुकरूप होतं असं धरा. आठ गेंडे म्हणजे सोळा प्रती. त्या सोळांमध्ये हे रूप एकदाही नसण्याची शक्यता ०.९५ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ४४ टक्के. बारा गेंडे धरले, एकमेकांशी नातं नसलेले, तर चोवीस प्रती आणि सुमारे २९ टक्के. म्हणजे हेटरोझायगॉसिटी ‘९४ टक्के शाबूत’ म्हणत असताना दुर्मीळ रूपं जवळपास निम्मी गेलेली असू शकतात. रोग बदलला, हवामान बदललं, तर कामाला येतात ती बहुधा अशीच कोपऱ्यात पडलेली रूपं. मला पेपरमध्ये हे गणित ठळक हवं होतं. नऊ जीनोमवरून कळपातल्या दुर्मीळ रूपांचा अंदाज नीट येत नाही हे मान्य, पण तेच एका वाक्यात लिहिता आलं असतं.

‘एकमेकांशी नातं नसलेले’ हेही विसरू नका. फातू २००० साली प्राणिसंग्रहालयात जन्मली, ती नाजिनची मुलगी, नाजिन सुदानची. आजोबा, मुलगी, नात यांच्या पेशी तीन नळ्यांत ठेवल्या म्हणून तीन स्वतंत्र साठे होत नाहीत. मुलीच्या जीनोमचा अर्धा भाग बापाच्या नळीत आधीच आहे.

आता मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

गेंडा परत आणायचे दोन रस्ते सध्या समांतर चालू आहेत. पहिला भ्रूणांचा. जर्मनीतल्या लाइब्निझ संस्थेच्या थॉमस हिल्डेब्रांट यांच्या पुढाकाराने ‘बायोरेस्क्यू’ प्रकल्प चालतो. २२ ऑगस्ट २०१९ ला ओल पेजेटात नाजिन आणि फातू यांच्याकडून प्रत्येकी पाच, अशी दहा बीजांडं काढली. ती इटलीत क्रेमोनाच्या प्रयोगशाळेत नेली. त्यातली सात पक्व झाली, त्यांत मेलेल्या नरांचं गोठवलेलं वीर्य वापरून फलन केलं. भ्रूण दोन झाले. दोन्ही फातूचे. पुढेही तसंच होत गेलं आणि २०२१ मध्ये वय आणि तब्येत पाहून नाजिनला या कामातून निवृत्त केलं. २०२४ च्या सुरुवातीला भ्रूणांची संख्या तिसाच्या आसपास होती, आणि सगळ्यांची आई एकच.

बातम्यांत ‘तीस भ्रूण’ वाचलं की आपल्याला तीस गेंडे दिसतात. संवर्धन जनुकशास्त्रात इथे एक जुनं सूत्र लावतात. परिणामी संख्या म्हणजे ४ × नर × मादी, भागिले नर आणि मादी यांची बेरीज. मादी एक आणि नर दोन घ्या: ८ भागिले ३, म्हणजे २.६७. नर चार करा: ३.२. नर दहा करा, जे इथे नाहीतच: ३.६४. वीर्य कितीही नरांचं आणा, मादी एकच असेल तर हा आकडा चारच्या वर जाऊच शकत नाही. भ्रूण तीस असोत की तीनशे. वहीत स्वतः करून बघा, दोन मिनिटं लागतात. मुलाखतीत हे मांडलंत तर समोरचे पेन खाली ठेवतात, अनुभवाने सांगते.

म्हणजे फ्रीजरमधले बारा आणि भ्रूणांतले जेमतेम तीन, ही दोन वेगळी माणसं आहेत... म्हणजे गेंडे! पेपर बारांबद्दल (खरं तर नवांबद्दल) बोलतो, बातम्या भ्रूणांबद्दल, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकत्र होतात. माझ्या झाले होते.

बारांना जिवंत करायचा रस्ता दुसरा. त्वचेच्या पेशीला मागे नेऊन मूळपेशी बनवायची, आणि त्या मूळपेशीपासून बीजांड किंवा शुक्राणू घडवायचा. पहिला टप्पा झालाय. २०११ मध्येच फातूच्या त्वचेच्या पेशींपासून मूळपेशी बनवल्या गेल्या. २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या गटाने उत्तरेकडच्या नऊ गेंड्यांच्या मूळपेशी तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ मध्ये जपानच्या हायाशी गटाने नाबिरे या मेलेल्या मादीच्या मूळपेशींपासून आद्य जननपेशींसारख्या पेशी मिळवल्या. त्यापुढची पायरी, म्हणजे फलनाला तयार बीजांड, गेंड्यात अजून गाठायची आहे. उंदरात हे जमलंय, पण तिथे त्या पेशींना उंदराच्या गर्भातल्या अंडाशयाच्या पेशींची सोबत द्यावी लागली. गेंड्याच्या गर्भाचं अंडाशय कुठून आणणार?

यात पेपर कुठे कमी पडतो? तो जनुकीय मूल्य आणि प्रजननाची शक्यता या दोन गोष्टींत पूल आहे असं धरून चालतो, आणि पुलाची रुंदी सांगत नाही. कुठल्या गेंड्याची पेशी ‘मौल्यवान’ हे ठरवायला जीनोम पुरतो. पण त्या पेशीपासून मूळपेशी नीट बनते का, तिची गुणसूत्रं वाढताना शाबूत राहतात का, यावर ती प्रत्यक्षात संस्थापक होईल की नाही हे ठरतं. बारापैकी चारच वाटेवर टिकले, तर वरचं ४४ टक्क्यांचं गणित पुन्हा करावं लागेल. आठ प्रती, ०.९५ चा आठवा घात, ६६ टक्के.

आता थोडी दुसरी बाजू, नाहीतर मी नुसती कुरकुर करतेय असं वाटेल. याच सॅन दिएगोच्या गटाचा २०२४ चा वाइल्डर आणि सहकाऱ्यांचा पेपर (‘इव्होल्युशनरी अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये) बराच पुढे गेलाय. विविधता चांगली असली की तिच्यात लपलेली घातक रूपंही जास्त असतात. एका प्रतीवर वाईट रूप असलं तरी दुसरी चांगली प्रत सांभाळून घेते. संख्या एकदम घटली की नात्यातल्या जोड्या होतात, दोन वाईट प्रती एकत्र येतात आणि मग भोवतं. दक्षिणेकडच्याने हा हिशेब बराचसा चुकता केलाय, त्याच्यात अशी रूपं दोन्ही प्रतींवर बसलेली जास्त दिसली. उत्तरेकडच्याच्यात ती झाकलेली जास्त. म्हणजे ज्या गोष्टीला २०१८ चा पेपर ठेव म्हणतो, तीतच थोडं कर्जही आहे. हा प्रश्न विचारणं हीच या पेपरची मोठी बाजू.

त्यांनी संगणकावर कळप पुन्हा उभा करून पाहिला. फ्रीजरमधल्या पेशींपासून झालेले संस्थापक पुढच्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा सोडले, तर घातक रूपांची किंमत दक्षिणेकडच्या गेंड्याला मोजावी लागली त्याहून कमीच राहते. न सोडता एकदाच कळप उभा केला, तर त्याला दर पिढीला २० ते ३० टक्क्यांहून जास्त वेगाने वाढावं लागेल. (दर पिढीला, दर वर्षाला नाही. मी पहिल्यांदा हे चुकीचं वाचलं होतं.)

इथे माझ्या दोन हरकती. एक, ‘पुन्हा पुन्हा सोडले’ या छोट्याशा शब्दप्रयोगात तोच पूल लपलाय. सिम्युलेशनमध्ये संस्थापक मागवला की येतो. लेखक हे लपवत नाहीत, पण वाचणारा विसरतो. दोन, कसोटी म्हणून पुन्हा दक्षिणेकडचाच गेंडा. तो वाचला म्हणून आपण त्याला ‘इतपत झीज चालते’ याचा पुरावा मानतो. पण जे कळप तेवढ्याच झिजेने संपले असतील ते मोजायला कुणी उरलेलंच नाही. शिवाय तो वाचला तो राखलेल्या रानात, पिढ्यान्‌पिढ्या. १९६० च्या दशकात इयन प्लेयर आणि सहकाऱ्यांनी त्यातले गेंडे पकडून दुसरीकडे कळप वसवले, म्हणून संख्या फुगली. जनुकं तशीच होती, जमीन आणि राखण बदलली.

आणि यातूनच मला सगळ्यात खटकणारी गोष्ट पुढे येते. प्राणिसंग्रहालयातले उत्तरेकडचे गेंडे संपले ते विविधता कमी पडली म्हणून नव्हे. २०१८ च्या पेपरचेच आकडे ते सांगतात! ते संपले कारण त्यांना पिल्लंच होत नव्हती. फातू ही शेवटची, २००० साली झालेली. दक्षिणेकडच्या गेंड्यांतही बंदिवासात जन्मलेल्या माद्यांना पिल्लं कमी होतात, हे जुनं दुखणं आहे. सॅन दिएगोच्याच क्रिस्टोफर टब्ज यांच्या गटाने त्याचा एक धागा खाद्यापर्यंत नेलाय. सोयाबीन आणि लसूणघास यांत इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात आणि पांढऱ्या गेंड्याचे ग्राहक रेणू त्यांना जोरात प्रतिसाद देतात. एकाच संस्थेच्या एका मजल्यावर जीनोम वाचले जातायत आणि दुसऱ्या मजल्यावर चाऱ्यात काय आहे ते तपासलं जातंय (मजले माझ्या कल्पनेतले), पण जीनोमच्या पेपरमध्ये चारा येत नाही. पेपरचा विषय तो नाही, हे उत्तर बरोबर आहे. पण शीर्षकात ‘पुनरुज्जीवनाची क्षमता’ असा दावा असेल तर चर्चेत एक परिच्छेद तरी हवा होता.

जिवंत शरीर मध्ये आलं की काय होतं याचं उदाहरण २०२३ चं आहे. २४ सप्टेंबरला ओल पेजेटात कुर्रा नावाच्या दक्षिणेकडच्या मादीत दक्षिणेकडचाच एक भ्रूण सोडला. गेंड्यात असं पहिल्यांदाच यशस्वी झालं, गर्भ राहिला. नोव्हेंबरमध्ये पुराच्या पाण्याने मातीतले जिवाणू वर आले आणि कुर्रा त्या संसर्गाने मेली. पोटात ७० दिवसांचा नर गर्भ होता, ६.४ सेंटिमीटरचा. पद्धत चालते हे त्यामुळे सिद्ध झालं. कुठल्याही सिम्युलेशनमध्ये हा पूर नव्हता.

शेवटी एक मुद्दा, जो माझ्या सादरीकरणात अजिबात नव्हता. त्याच २०१८ साली मूडली आणि सहकाऱ्यांचा पेपर ‘प्रोसीडिंग्ज बी’मध्ये आला. तोच प्राणी, वेगळी पद्धत. त्यांनी संग्रहालयांतले नमुने धरून २३२ गेंडे घेतले, पण प्रत्येकाच्या दहाच मायक्रोसॅटेलाइट खुणा आणि मायटोकॉन्ड्रियाचा एक तुकडा तपासला. त्यांना दिसलं की वेगळ्या झाल्यावरही उत्तर आणि दक्षिण यांची पुन्हा गाठ पडली असावी, कदाचित शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यापर्यंत. म्हणून त्यांचा कल असा, की दोन्हींचा संकर करून वाचवण्याचा पर्याय वाईट नसावा. त्याआधी २०१० मध्ये ग्रोव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी तर उत्तरेकडच्याला वेगळी प्रजातीच म्हणावं असं सुचवलं होतं. म्हणजे कुणी म्हणतं वेगळी प्रजाती, कुणी म्हणतं सरमिसळ कमी, कुणी म्हणतं सरमिसळ झालीय, बिनधास्त संकर करा.

तुम्हाला वाटेल पूर्ण जीनोम म्हणजे जास्त माहिती, तेव्हा टन्स्टल जिंकले. मलाही तेच वाटलं होतं. पण तेरा प्राण्यांचं सगळं माहीत असणं आणि २३२ प्राण्यांचं थोडं माहीत असणं, यांनी वेगवेगळे प्रश्न सुटतात. एका प्राण्याच्या जीनोममध्ये त्याच्या हजारो पूर्वजांचा इतिहास विखुरलेला असतो, म्हणून दोन शाखा कधी फुटल्या याला तेरा पुरतात. पण पूर्ण पट्ट्यावर कुठे कुठे मिसळण झाली, याला तेरा पुरत नाहीत, त्यातून ते मोजक्या ठिकाणांहून पकडून आणलेले असतील तर नाहीच. मूडलींनी स्वतःच लिहिलंय की जीनोमभरचा डेटा हवा. आणि हा वाद नुसता वर्गीकरणाचा नाही. संकर मान्य असेल तर दक्षिणेकडच्या हजारो माद्या हाताशी आहेत आणि वरचं चारचं कुंपण उद्याच मोडतं. संकर मान्य नसेल तर सगळा भार त्या न बांधलेल्या पुलावर. माझं मत विचाराल तर मी संकराच्या बाजूला थोडी झुकलेली आहे, पण फातूची बीजांडं आत्ताच गोठवून ठेवण्याच्या विरोधात मुळीच नाही. ती संधी परत येणार नाही, संकर नंतरही करता येईल.

मागच्या सत्रात एम.एस्सी.च्या मुलांसमोर मी तोच पेपर पुन्हा घेतला. शेवटच्या स्लाइडवरचा टाकीचा फोटो काढून तिथे तक्ता टाकला. पहिला रकाना: गोठवलेल्या पेशी, बारा. दुसरा: २०१८ मध्ये वाचलेले जीनोम, नऊ. तिसरा: मूळपेशी बनलेले, नऊ. चौथा: त्या मूळपेशींपासून फलनाला तयार बीजांड मिळालेले, शून्य. पाचवा: भ्रूणांची आई झालेली, एक. सहावा रकाना मी रिकामा ठेवला होता आणि मुलांना विचारलं, इथे काय मोजाल? एका मुलीने लिहिलं, "जन्मलेली पिल्लं." दुसऱ्याने लिहिलं, "हे सोडणार कुठे, ती जमीन." दोघांचेही रकाने मी ठेवलेत, आता तक्ता सात रकान्यांचा आहे.